बंगळूरला, हात मागे बांधून

बंगळूरला जाऊन आले म्हटल्यावर लोक विचारतात, लालबाग बघितली का, म्हैसूरला जाऊन आलात का. दोन्हीकडे गेले नाही. माझा सगळा वेळ चटयांवर उताण्या पडलेल्या माणसांकडे बघण्यात गेला. गेले होते त्यासाठीच. आमच्या सांगलीतून आणखी कोणी त्याच कामाला निघणार असेल तर तिला उपयोग व्हावा, म्हणून हे लिहिते आहे.

आधी कारण सांगते. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या कंबरेतल्या मणक्याची गादी सरकली, तेव्हा फिजिओथेरपी करणाऱ्या अनघाताईंनी मला पिलाटेज शिकवलं. पोट, पाठ आणि श्वास यांना एकत्र कामाला लावणारे हे सावकाश व्यायाम, बहुतेक आडवं पडून करायचे. मी बरी झाले आणि मला त्याची गोडी लागली. आता अनघाताई मुलीकडे नागपूरला कायमच्या चालल्या आहेत. त्यांचा बायकांचा वर्ग मी पुढे चालवावा असं त्यांनीच सुचवलं, मात्र आधी रीतसर शिक्षण घ्यायचं, ही अट. मला स्वेच्छानिवृत्ती मिळण्यासारखी होती, पण सुट्टी संपायच्या आत प्राचार्यांना कळवायला हवं होतं. सगळं जुळत होतं. फक्त माझा नवरा, विनय, एकच प्रश्न धरून बसला होता. "शिकवशील गं. पण पाठीचं काय?"

माझाही प्रश्न तोच होता. रोज चार-पाच वर्ग घेऊन पन्नाशीतली, एकदा दुखावलेली पाठ किती वर्षं टिकेल? नोकरी सोडली आणि मग पाठीनंही सोडलं, तर काय? अनघाताईंनी बंगळूरमधल्या दोन ठिकाणांची माहिती काढून दिली होती. एक कोरमंगलात, एक हेब्बाळला. दोन्ही ठिकाणं स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि मगच प्राचार्यांना हो किंवा नाही कळवायचं, असं ठरवून मी मिरजेहून गाडीत बसले.

यशवंतपूर

राहायची सोय आमच्या वर्गातल्या वनिताच्या मावशीकडे होती. सावित्रीअक्का यशवंतपूरला बाजाराच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांचं घराणं इथे किती पिढ्यांपासून आहे हे त्यांनाही नक्की सांगता येत नाही. "शिवाजीमहाराजांच्या वडलांबरोबर आलो म्हणतात," एवढं सांगून त्या विषय संपवतात. पूर्वी गुळाचा व्यापार होता, आता मुलगा विमा कंपनीत आहे. सत्तरीच्या अक्का अंगानं दणकट आहेत, पण उजवा खांदा आखडलेला. वरच्या फळीवरचा डबा काढायला सुनेला हाक मारावी लागते, आणि ते त्यांना अजिबात खपत नाही.

त्यांची मराठी ऐकायला मला पहिल्या दिवशी जरा वेळ लागला. वाक्य मराठीच, पण मध्येच कानडी शब्द येऊन बसतो. "स्वल्प बस, कॉफी देते." कॉफी पिऊन झाली की "सरी, आता आंघोळ कर." स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे ठीक. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की कानडी, आणि मधल्या उंबऱ्यावर दोन्ही.

दुपारी जेवायला नाचणीचा मुद्दे आणि पिठलं होतं. मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचा वाफाळता गोळा. मी भाकरीसारखा घास तोडला आणि चावायला लागले, तर अक्कांची सून आत जाऊन हसायला लागली. मुद्दे चावायचा नसतो. बोटांनी तुकडा घ्यायचा, पिठल्यात बुडवायचा आणि गिळायचा. न चावता गिळणं मला काही जमलं नाही. अक्का म्हणाल्या, "दात आहेत तोवर सांगलीचे लोक चावणार."

मी कशासाठी आले आहे ते त्यांनी नीट विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी समाजाच्या हॉलमध्ये आमच्या बायका जमतात. भजन नाही उद्या. तू शिकव. बघू तरी काय शिकायला एवढी लांब आलीस."

मी लगेच हो म्हटलं. सरावाची संधी कोण सोडतं?

कोरमंगला

सकाळी स्टेशनजवळच्या उभ्यानं खायच्या हॉटेलात नाश्ता केला. खाराबात म्हणजे आपलं उपीट, केसरीबात म्हणजे आपला शिरा, आणि इथे ते एकाच ताटलीत शेजारी शेजारी येतात. आपल्याकडे शिऱ्याला निदान एक वेगळी वाटी मिळते. मग मेट्रो आणि पुढे रिक्षा. रिक्षात माझ्याबरोबर आणखी एक बाई आणि तिचा मिक्सर होता. "स्वल्प अड्जस्ट माडी," एवढंच रिक्षावाला म्हणाला आणि मी मिक्सरचं भांडं मांडीवर घेऊन बसले.

स्टुडिओ एका उपाहारगृहाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर होता. सगळीकडे आरसे, आणि एका ओळीत रिफॉर्मर. रिफॉर्मर म्हणजे स्प्रिंगा लावलेला, पुढे-मागे सरकणारा अरुंद पलंग. समोर नेहा नावाची मुलगी वर्ग घेत होती. पुण्याची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. तिला बघत राहावं असं ती करत होती. ती पाय उचलायची की समोरचे सगळे उचलायचे, ती वळली की सगळे वळायचे. एक वर्ग संपला, पाणी प्यायली, दुसरा सुरू. पुन्हा सगळं स्वतः करत. तिच्या मनगटाला पट्टी होती.

मधल्या वेळात व्यवस्थापकानं मला प्रशिक्षणाची माहिती दिली. थोडे शनिवार-रविवार, त्यातही बरंचसं ऑनलाइन, शेवटी प्रमाणपत्र. माझे प्रश्न तयार होते. परीक्षा कोण घेतं? शिकता शिकता खऱ्या माणसांवर किती सराव करायला मिळतो, आणि तेव्हा शेजारी अनुभवी कोणी उभं असतं का? दुखणं घेऊन आलेल्या माणसाला काय करायला लावू नये, हे कोण शिकवतं? कोर्स संपल्यावर अडलं तर विचारायचं कोणाला? त्यानं प्रत्येक प्रश्नाला "सगळं कव्हर होतं मॅडम" हे एकच उत्तर दिलं, आणि आज संध्याकाळपर्यंत नाव नोंदवलं तर जागा पक्की, असं दोनदा सांगितलं. ज्या जागेसाठी एवढी घाई करतात तिथे जागा नेहमीच शिल्लक असते, हे कॉलेजच्या ऑफिसात काम करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही.

नेहा मला जिन्यात भेटली. भिंतीला पाय वर टेकवून पायऱ्यांच्या वळणावर पडली होती. मी मराठी आहे म्हटल्यावर मॅडमची काकू झाले. दोन वर्षं शिकवते आहे, जवळच पीजीत राहते, सकाळी सहापासून वर्ग सुरू होतात. मनगटाचं विचारलं तर म्हणाली, टेप लावली की चालतं.

"तू सगळं स्वतः का करून दाखवतेस?" मी विचारलं.

"काकू, लोक आपल्याला बघायलाच येतात. नुसती उभी राहिले तर म्हणतील, ही काहीच करत नाही."

"आणि चाळिशीत?"

ती हसली. "चाळिशीत कोण शिकवतंय, काकू? तोपर्यंत दुसरं काहीतरी." मग माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून ओशाळली. "सॉरी हं. तुम्ही तर आत्ता सुरू करताय."

मी रागावले नाही. तिनं माझाच प्रश्न मला विचारला होता, इतकंच.

समाजाचा हॉल

संध्याकाळी मी वेळेआधी हॉलवर गेले, लग्नाच्या खुर्च्या बाजूला लावल्या, सतरंज्या ओळीत अंथरल्या. बायकांना माझ्याकडे नीट बघता यावं म्हणून सगळ्यांची डोकी भिंतीकडे येतील अशी रचना केली. बायका आल्या, चपला काढल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. कोणी पुढे येईना. मी म्हटलं, "या ना, आडव्या व्हा."

कोपऱ्यातल्या देवाजवळ नुकताच दिवा लागला होता.

अक्का शेवटी म्हणाल्या, "दिवेलागणीला आडवं व्हायचं? आणि भिंत कुठल्या बाजूची आहे बघितलीस? उत्तरेला डोकी. शोभा, आम्हाला शिकवायला आलीस की पोचवायला?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मनात चरकले. तिन्हीसांजेला झोपू नये, उत्तरेला डोकं करू नये, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. घरात अजूनही पाळते. पण अनघाताईंचा वर्ग ट्यूबलाइटखाली चालतो, तिथे ना तिन्हीसांजा होतात, ना दिशा असतात. पिलाटेज शिकताना मी ते सगळं दाराबाहेर ठेवलं होतं.

सतरंज्या गुंडाळल्या, खुर्च्या गोल मांडल्या. बसून करण्यासारखं पुष्कळ आहे. श्वास, खांदे, कंबरेतून वळणं, पाठीचा एकेक मणका सोडत वाकणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं. मी एकेक करून दाखवायला लागले. बायका बघत राहिल्या. एक म्हणाली, "छान करते हो," आणि पदर सावरून बसून राहिली. म्हणून मी पुन्हा करून दाखवलं. मग ज्यांना माझी पाठ दिसत होती त्यांच्यासाठी तिकडे तोंड करून पुन्हा. शेवटी नेहाचा वर्ग झाला. मी करतेय आणि बाकीच्या बघतायत. अक्कांचा खांदा जिथे होता तिथेच राहिला.

घरी परतताना गल्लीच्या वळणावर कंबरेत ती जुनी कळ आली. ज्यांना हे दुखणं झालं आहे त्यांना ही कळ ओळखू येते. ती आधी फक्त एकदा बोट लावून बघते.

सकाळी मला वाकून चपलेचा बंद लावता येईना. अक्कांच्या सुनेनं तो लावला. मी पलंगाच्या काठावर बसून हिशोब केला. एका संध्याकाळच्या, त्याही बसून घेतलेल्या वर्गानं ही गत झाली, तर रोजचं काय? विनयच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. प्राचार्यांना 'नाही' असं कळवायचं, हेब्बाळला फोन करून येत नाही म्हणायचं आणि परतीची गाडी आजची मिळते का ते बघायचं.

अक्का दारात उभ्या होत्या. "हेब्बाळचं ते बघायचंय ना फक्त?"

"हो. पण आता बघून काय करू?"

"बघायला पाठ कशाला लागते? डोळे लागतात. मी येते बरोबर. माझ्या मुलानं गाडी बोलावलीय, आता तिला परत कोण पाठवणार?"

हेब्बाळ

हेब्बाळला तळ्याच्या बाजूनं गेलो. एकीकडे उड्डाणपुलावर गाड्यांची रांग, दुसरीकडे पाण्यात मोठाल्या चोचींचे पांढरे पक्षी, दोघेही जागचे न हलणारे. अक्का म्हणाल्या, हे सगळं शेत होतं. बंगळूरमध्ये जुनं माणूस बरोबर असलं की प्रत्येक चौकात हे ऐकायला मिळतं.

जागा एका घराच्या तळमजल्यावर होती. आरसा एकच. वसुधा मॅडम साठीच्या, बारीक अंगाच्या, मूळच्या धारवाडकडच्या. त्या एका उंच लाकडी स्टुलावर बसून वर्ग घेत होत्या. हात मांडीवर. समोर आठ माणसं काम करत होती आणि या फक्त बोलत होत्या, कानडी आणि इंग्रजीत, हळू. मध्येच उठून कोणाच्या तरी बरगडीवर दोन बोटं ठेवायच्या आणि परत येऊन बसायच्या.

त्यानंतर शिकाऊ शिक्षकांची पाळी होती. एक मुलगा उभा राहून सांगायला लागला आणि सांगता सांगता त्याचा हात आपोआप वर गेला. मॅडम एवढंच म्हणाल्या, "कै हिंदे." हात मागे. त्यानं दोन्ही हात पाठीमागे धरले आणि अडखळला. त्याला शब्दच सापडेनात. पुरा मिनिटभर सगळे त्याची वाट बघत शांत पडून राहिले. मग त्याला शब्द सापडला आणि आठही जणांचे हात वर गेले.

मला नेहाची पट्टी आठवली. आणि माझी आदली संध्याकाळ.

वर्ग संपल्यावर मी मॅडमना सगळं सांगितलं, मोडक्या हिंदीत. त्यांनी माझं चालणं बघितलं, कळ पायात उतरते का, मुंग्या येतात का, ते विचारलं. तसं काही नव्हतं. तरी आधी सांगलीला तपासून घ्या, त्याशिवाय मी प्रवेश देणार नाही, असं स्पष्ट म्हणाल्या. मग म्हणाल्या, "काल किती वेळा करून दाखवलंत?"

"मोजलं नाही."

"तुम्ही मोजणाऱ्या दिसता." त्यांनी माझ्या हातातल्या प्रश्नांच्या कागदाकडे बघितलं. "स्वतःला तेवढं मोजत नाही. शिकवण्यात तुमचं शरीर वापरलंत, तर पाच वर्षं. तोंड आणि डोळे वापरलेत, तर माझ्याइतकी."

मग त्यांनी अक्कांना खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाल्या, यांना काहीही एक शिकवा. हात मागे.

मी अनघाताईंकडून ऐकलेली इंग्रजी वाक्यं म्हणायला लागले. अक्का माझ्याकडे कोऱ्या चेहऱ्यानं बघत बसल्या. मी त्याचं मराठी करून सांगितलं, नाभी मणक्याकडे न्या, मणका लांब करा. अक्का म्हणाल्या, "नाभी काय चालते का?" मॅडमना मराठी येत नव्हती, पण त्या हसल्या. माझे हात सुटू बघत होते. मी बोटं एकमेकांत घट्ट अडकवली.

अक्का पोट कधी आत घेत असतील? रोज. विचार न करता.

"अक्का, निऱ्या खोचताना पोट कसं घेता? तेवढंच घ्या. श्वास धरू नका."

अक्कांचं पोट आत गेलं आणि पाठ आपोआप सरळ झाली.

"आता विहिरीत डोकावल्यासारखं वाका. आधी हनुवटी. मग मान. घाई नको, काठावर पाय घसरेल."

त्या वाकल्या. खांदे उतरले. मी वाट बघितली. "आता पाठीनं वर या, डोकं सगळ्यात शेवटी. आणि हा उजवा हात. समजा हातात हलका डबा आहे, तो नुसता भिंतीला धरून वरच्या फळीकडे सरकवत न्या. दुखायला लागेल तिथे थांबा."

हात फार वर गेला नाही. कानाच्या पाळीपर्यंत. पण काल तो छातीच्या वर आला नव्हता, आणि माझी कंबर जागची हलली नव्हती.

मॅडमनी एवढ्या वेळात माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. त्यांचे डोळे अक्कांच्या खांद्यावर होते. त्या म्हणाल्या, "सरी." मग त्यांनी निऱ्यांचं मला हिंदीत समजावून सांगायला लावलं आणि आपल्या वहीत लिहून घेतलं.

त्यांचं शिक्षण वर्षभराचं. महिन्यातून एकदा तीन दिवस यायचं, मधल्या काळात आपल्या गावी ठरलेले तास नुसतं बघायचं, ठरलेले तास माणसांना शिकवायचं, त्याचं चित्रीकरण पाठवायचं. शरीरशास्त्राची परीक्षा बाहेरचे शिक्षक घेतात. शिकवायला लागल्यावरही दिवसाला तीनपेक्षा जास्त वर्ग नाहीत, आणि आपला स्वतःचा व्यायाम वर्गाच्या वेळात करायचा नाही, तो वेगळा. मी नोकरी सोडण्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, वर्गावर घर चालायला वेळ लागतो. घाईनं नोकरी सोडणारे घाईनं वर्ग वाढवतात आणि मग माझ्याकडे शिकायला नाही, उपचाराला येतात.

हेब्बाळहून घरी येताना गाडीत अक्कांनी एकदाच विचारलं, ठरलं का? मी म्हटलं, ठरलं. त्या म्हणाल्या, "मग दर महिन्याला माझ्याकडेच उतरायचं. आणि सतरंज्या सकाळी घालू, पूर्वेला डोकी करून."

सांगली

तपासणी झाली. नवं काही सरकलेलं नाही, फक्त स्नायू आखडला होता. प्राचार्यांना मी 'नाही' असं कळवलं. म्हणजे, यंदा निवृत्ती नको, पुढच्या वर्षी अर्ज करीन, आणि महिन्यातून एक शुक्रवार रजा हवी. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि सही केली.

परवा अनघाताईंच्या समोर त्यांच्या वर्गाला मी पहिल्यांदा शिकवलं. स्टूल नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरातली उंच खुर्ची नेली. विनय ती पोचवायला आला होता, तो मागे थांबला. मी हात मागे घेऊन बसले आणि बोलत राहिले. दोनदा अडखळले. एकदा शब्द सापडेपर्यंत सगळ्या गप्प पडून होत्या.

बाहेर आल्यावर खुर्ची डोक्यावर घेत विनय म्हणाला, "मी मघापासून बघत होतो. तू तर काहीच केलं नाहीस."

मी म्हटलं, "तेच शिकायला वर्षभर बंगळूरला जायचंय."